समुद्राविना खारे पाणी : लोणार सरोवराच्या जतनाचा प्रश्न

किनाऱ्यालगतचे पाणी, खाड्या, खारफुटी आणि सागरी संपत्ती यांच्या जतनाचा विषय निघाला की आपल्या डोळ्यांसमोर वसई, पालघर, रायगड, रत्नागिरी ही नावे येतात. बुलढाणा जिल्ह्याचे नाव सहसा कोणाच्या मनात येत नाही आणि त्यात नवल नाही. समुद्र येथून जवळपास चारशे किलोमीटर दूर आहे. येथे ना भरती, ना ओहोटी, ना बंदर, ना कोळीवाडा. तरीही महाराष्ट्रातील खाऱ्या पाण्याची एक अत्यंत विलक्षण परिसंस्था याच जिल्ह्यात, लोणार गावाला लागून असलेल्या विवरात आहे. या सरोवराबाबत आज जे प्रश्न उभे आहेत, ते नीट समजून घेतले तर किनाऱ्यावर राहणाऱ्या आपल्या बांधवांनाही स्वतःच्या खाडीकडे आणि विहिरीकडे वेगळ्या दृष्टीने पाहता येईल. म्हणूनच या विषयाचा थोडा विस्ताराने विचार करणे अगत्याचे आहे.

विवर कसे घडले, पाणी खारे का झाले?

दख्खनच्या काळ्या पाषाणावर आकाशातून एक अशनी आदळला आणि सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे खोल विवर निर्माण झाले. ही घटना केव्हा घडली याविषयी शास्त्रज्ञांत एकमत नाही. आधीच्या एका मापनानुसार विवराचे वय सुमारे ५२ हजार वर्षे येते, तर २०१०च्या सुमारास झालेल्या मापनानुसार ते ५ लाख ७० हजार वर्षांच्या आसपास जाते. सी. जे. ई. अलेक्झांडर या इंग्रज अधिकाऱ्याने १८२३ साली या स्थळाची नोंद केली. पुढे दीर्घकाळ त्यास ज्वालामुखीचे मुख मानले जात असे. १९७३ साली येथील खडकांत मॅस्केलिनाइट हा केवळ प्रचंड आघातानेच तयार होणारा काचेसारखा पदार्थ सापडल्याचे प्रसिद्ध झाले आणि विवर अशनीपातानेच घडले हे सिद्ध झाले. बेसॉल्ट खडकात घडलेली आणि इतकी उत्तम टिकून राहिलेली अशी विवरे पृथ्वीवर अगदी मोजकी आहेत. चंद्राच्या पृष्ठभागाचा काही भागही बेसॉल्टचाच असल्याने त्याचा अभ्यास करणाऱ्यांना लोणारचे महत्त्व वाटते, ते याच कारणाने.

पाण्याच्या खारेपणाचे कारण मात्र पृथ्वीवरचेच आहे. विवर हे चारी बाजूंनी बंद असलेले भांडे आहे. पावसाचे पाणी आत येते. कडेच्या खडकांतून झरे वाहतात. धारेच्या झऱ्याचे पाणी तर बारमाही आहे. परंतु आत आलेल्या पाण्याला बाहेर वाहून जाण्यास वाट नाही. सूर्याच्या उष्णतेने पाणी उडून जाते आणि खडकांतून विरघळून आलेले क्षार मागे राहतात. हजारो वर्षे ही क्रिया चालू राहिल्याने सरोवरात सोडियमचे कार्बोनेट आणि साधे मीठ या दोहोंचा संचय झाला. पाण्याचा सामू १०च्या आसपास असतो, म्हणजे ते समुद्राच्या पाण्यापेक्षाही कितीतरी अधिक अल्कधर्मी आहे. लवणासुराच्या कथेमुळे या स्थळाचे नाव लवणाशी जोडले गेले, ते अन्वर्थकच म्हटले पाहिजे.

ही संपत्ती माणसाने फार पूर्वीपासून वापरली. अकबराच्या काळातील ‘ऐन-ए-अकबरी’ या ग्रंथात लोणारच्या क्षारांचा उल्लेख आहे. काच आणि साबण तयार करण्यासाठी त्यांचा उपयोग होत असे व त्यातून महसूलही मिळत असे. उन्हाळ्यात पाणी आटले की काठावर साचणाऱ्या क्षारांना दल्ला, खुप्पल, पापडी, भुस्की अशी प्रतवारीनुसार वेगवेगळी नावे होती. कारखान्यात तयार होणारा सोडा स्वस्त झाला आणि हा व्यवसाय मागे पडला.

खाऱ्या पाण्याचा संसार

ज्या पाण्यात सामान्य मासा जगू शकत नाही, ते पाणी निर्जीव असणार, असा आपला समज असतो. लोणार हा समज खोटा ठरवते. येथे स्पिरुलिना या सूक्ष्म निळ्या-हिरव्या शैवालाची विपुल वाढ होते. त्यावर आणि इतर सूक्ष्म जीवांवर पक्ष्यांची उपजीविका चालते. रोहित पक्षीही, ज्यांना आपण फ्लेमिंगो म्हणतो, येथे येतात. हैदराबादच्या पेशी व रेणवीय जीवशास्त्र केंद्राच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून नाव पडलेला ‘सेसेम्बिया लोणारेन्सिस’ हा जिवाणू याच पाण्यातून शोधला गेला आणि २०१२ साली शास्त्राला ज्ञात झाला. सरोवर व भोवतालच्या वनात पक्ष्यांच्या १६० जाती, सरपटणाऱ्या प्राण्यांच्या ४६ आणि सस्तन प्राण्यांच्या १२ जाती आढळतात, अशी नोंद आंतरराष्ट्रीय पाणथळ स्थळांच्या यादीत आहे. या सस्तन प्राण्यांत लांडग्याचाही समावेश आहे.

या सर्व जीवसृष्टीचा पाया एकच आहे, आणि तो म्हणजे पाण्यातील क्षारांचे प्रमाण. ते प्रमाण ऋतूनुसार थोडे कमीअधिक होणे स्वाभाविक आहे. ते कायमचे बदलले तर मात्र सरोवर दिसायला तसेच राहील, पण त्यातील संसार मोडून जाईल.

गोडे पाणी हेच संकट

सामान्यतः तलावाचे पाणी आटले की आपण चिंता करतो आणि तलाव भरला की समाधान मानतो. लोणारच्या बाबतीत हा हिशेब पुरेसा नाही. येथे पाणी फार आटणे जसे चिंतेचे, तसेच गोड्या पाण्याचा लोंढा येणेही चिंतेचे. आत येणारे जादा पाणी क्षारांना पातळ करते. ते पाणी सांडपाणी असेल तर त्यासोबत साबण, मैला आणि शेतातील खतांचा अंशही येतो. लोणार गाव विवराच्या अगदी काठावर वसले आहे. गावातील सांडपाणी उताराने विवरात उतरण्याचा प्रश्न अनेक वर्षे चर्चेत आहे. झऱ्यांवर कपडे धुणे, विवराच्या आत शेती करणे, त्या शेतीसाठी खते वापरणे, वेड्या बाभळीने उतार व्यापून टाकणे, आसपासच्या सिंचन तलावांतून जमिनीखाली पाणी पाझरणे अशा अनेक कारणांचा उल्लेख अभ्यासक करीत आले आहेत.

जून २०२० मध्ये सरोवराचे पाणी एकाएकी गुलाबी झाले आणि लोणारचे छायाचित्र जगभर पोहोचले. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने याची दखल घेतली. पाण्याचे नमुने नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेकडे आणि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेकडे गेले. मिठाच्या तीव्र द्रावणात वाढणाऱ्या ‘हॅलोआर्किया’ या सूक्ष्मजीवांच्या रंगद्रव्यामुळे हा रंग आला होता, असा निष्कर्ष निघाला. पाणी कमी होऊन खारेपणा वाढला होता, त्यामुळे या जीवांना अनुकूल स्थिती मिळाली होती. पाऊस पडून पाणी पातळ होताच रंगही ओसरला.

त्यानंतरच्या वर्षांत चित्र उलटले. पाण्याची पातळी वाढत जाऊन काठावरच्या कमळजा देवीच्या मंदिरात पाणी शिरल्याच्या आणि एरवी मासे नसलेल्या या सरोवरात मासे दिसू लागल्याच्या बातम्या आल्या. गुलाबी रंगाने जेवढी खळबळ माजवली, तेवढी या बातम्यांनी माजवली नाही. वास्तविक अधिक गंभीर इशारा दुसराच आहे. गुलाबी रंग हे खाऱ्या सरोवराच्या स्वभावातच बसणारे लक्षण होते. मासा दिसणे म्हणजे मात्र पाणी आपला स्वभाव सोडू लागल्याचे चिन्ह असू शकते.

एकाच जिल्ह्यात दोन परस्परविरोधी गरजा

याच बुलढाणा जिल्ह्याच्या उत्तरेकडे, पूर्णा नदीच्या खोऱ्यात, खारपाणपट्टा आहे. तो अमरावती आणि अकोला जिल्ह्यांतही पसरलेला आहे. तेथील विहिरींचे पाणी खारट असल्याने पिण्यास आणि शेतीस त्रासदायक ठरते. संग्रामपूर व जळगाव जामोद या तालुक्यांतील मूत्रपिंडाच्या विकारांचा प्रश्न विधिमंडळापर्यंत गेलेला आहे. तेथे गोडे पाणी दूरवरून आणून पोहोचवणे हेच खरे लोककार्य आहे. लोणारच्या विवरात मात्र जादा गोडे पाणी जाऊ न देणे हे लोककार्य ठरते.

तेव्हा खारे पाणी वाईट आणि गोडे पाणी चांगले, असा सरसकट न्याय लावता येत नाही. कोणते पाणी कोठे असावे, हा प्रश्न आहे. व्यवस्थापन या शब्दाचा अर्थ पाणी अडवणे किंवा काठ सुशोभित करणे एवढाच नव्हे; प्रत्येक पाण्याचा स्वभाव ओळखून तो टिकवणे हा त्याचा गाभा आहे.

जगाचा अनुभव

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात मोनो नावाचे असेच अल्कधर्मी खारे सरोवर आहे. त्यास पाणी पुरवणारे ओढे १९४१ पासून लॉस एंजेलिस शहरासाठी वळवण्यात आले. पुढील चार दशकांत सरोवराची पातळी सुमारे ४५ फुटांनी खाली गेली आणि खारेपणा दुप्पट झाला. प्रकरण न्यायालयात गेले. १९८३ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, असे सरोवर ही लोकांची ठेव असून सरकार तिचे केवळ विश्वस्त आहे. १९९४ मध्ये सरोवराची किमान पातळी ठरवून देण्यात आली. ती गाठण्यास अपेक्षेपेक्षा कितीतरी अधिक काळ लागतो आहे. पण उद्दिष्ट आकड्यात लिहिलेले आहे, त्यामुळे दरवर्षी त्याचा हिशेब मागता येतो.

या निर्णयाचा आपल्याशी थेट संबंध आहे. डिसेंबर १९९६ मध्ये भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने एम. सी. मेहता विरुद्ध कमलनाथ या खटल्यात मोनो सरोवराच्या निर्णयाचा विस्ताराने आधार घेतला आणि समुद्रकिनारा, वाहते पाणी, हवा, वने यांबाबत सार्वजनिक विश्वस्ततेचे तत्त्व आपल्या कायद्याचा भाग असल्याचे सांगितले. दूरच्या एका खाऱ्या सरोवरासाठी मांडलेला युक्तिवाद आज आपल्या किनाऱ्याचेही रक्षण करतो.

केनियातील नाकुरू सरोवराची कथा लोणारला अधिक जवळची आहे. गेल्या दशकभरात तेथील पाणी खूप वाढले, क्षार पातळ झाले, स्पिरुलिना घटली आणि रोहित पक्ष्यांचे मोठे थवे दुसऱ्या सरोवरांकडे निघून गेले. तेथे सरोवर आटले नाही, उलट भरले. आणि भरल्यामुळेच पक्षी गेले.

आपल्याच देशात ओडिशाच्या किनाऱ्यावरील चिलिका सरोवराचे उदाहरण मात्र आशादायक आहे. गाळ साचून समुद्राकडचे मुख अरुंद झाले, खारेपणा घटला, पाणवनस्पती माजल्या आणि मासळी कमी झाली. १९९३ साली हे सरोवर धोक्यातील पाणथळ स्थळांच्या आंतरराष्ट्रीय यादीत गेले. सप्टेंबर २००० मध्ये, पुरेशा अभ्यासानंतर, समुद्राकडे नवे मुख उघडण्यात आले. खाऱ्या व गोड्या पाण्याचा तोल सावरला, मासळी वाढली आणि २००२ मध्ये चिलिका त्या यादीतून बाहेर आले. हे घडले, कारण चिलिका विकास प्राधिकरण नावाची एकच जबाबदार संस्था होती आणि तिने आपले लक्ष केवळ सरोवरावर न ठेवता, त्यात पाणी आणणाऱ्या साऱ्या खोऱ्यावर ठेवले.

लोणारचा कारभार कोणाकडे?

लोणारच्या बाबतीत कायद्यांची वाण नाही. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने विवरास राष्ट्रीय भूवारशाचे स्थान दिले आहे. २००० साली येथे वन्यजीव अभयारण्य घोषित झाले. गावातील दैत्यसूदन मंदिरासारखी पुरातन मंदिरे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणात आहेत. २००९ पासून उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठासमोर जनहित याचिका चालली व न्यायालयाने वेळोवेळी आदेश दिले. २०२० मध्ये, नाशिक जिल्ह्यातील नांदूर मधमेश्वरनंतर महाराष्ट्रातील दुसरे रामसर स्थळ म्हणून, ४२७ हेक्टर क्षेत्रासह लोणारचा आंतरराष्ट्रीय यादीत समावेश झाला. २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने सुमारे ३७० कोटी रुपयांच्या जतन, संवर्धन व विकास आराखड्यास मान्यता दिली.

तथापि नेमकी अडचण येथेच आहे. विवरातील वन वनविभागाकडे, मंदिरे पुरातत्त्व खात्याकडे, गटारे नगरपरिषदेकडे, पर्यटन पर्यटन खात्याकडे, भोवतालची जमीन महसूल खात्याकडे आणि तलाव जलसंधारण यंत्रणेकडे. प्रत्येकाकडे सरोवराचा एकेक तुकडा आहे. पाण्याचा खारेपणा कोणाच्याच अधिकारकक्षेत सरळपणे येत नाही. सांडपाणी गावातून निघते, पण अभयारण्यात पोहोचल्यावर ते वनविभागाची डोकेदुखी होते. अशा स्थितीत आराखड्यातील निधी सर्वप्रथम डोळ्यांना दिसणाऱ्या कामांवर, म्हणजे रस्ते, पायऱ्या, दिवे आणि विश्रामगृहे यांवर खर्च होण्याचा मोह निर्माण होतो. सांडपाण्याची भूमिगत वाहिनी कोणाच्या डोळ्यांत भरत नाही, पण सरोवर वाचवेल ती तीच.

यावर पहिला उपाय म्हणजे मोजमाप. सरोवराची पातळी, खारेपणा आणि सामू यांची नियमित नोंद व्हावी आणि ती लोणारच्या बाजारपेठेत, सर्वांना वाचता येईल अशा मराठीत लावली जावी. दुसरे, या तिन्ही बाबींची किमान व कमाल मर्यादा शास्त्रज्ञांनी ठरवून द्यावी आणि ती ओलांडली गेल्यास कोणी काय करायचे, हे आधीच लिहून ठेवावे. तिसरे, त्यासाठी उत्तरदायी अशी एकच यंत्रणा असावी.

भार कोणी उचलायचा?

जतनाच्या प्रश्नात एक बाजू नेहमी झाकली जाते. ती म्हणजे तेथे राहणाऱ्या माणसांची. संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नवे बांधकाम करता येत नाही आणि पुढील २०० मीटर क्षेत्रात परवानगी लागते, असा २०१० च्या सुधारित कायद्याचा नियम आहे. लोणारसारख्या दाट वस्तीच्या गावात याचा अर्थ असा की, वडिलोपार्जित घराचे वाढीव बांधकाम करण्यासाठीही सामान्य कुटुंबाला कार्यालयांचे उंबरठे झिजवावे लागतात. विवराच्या आत शेती करणाऱ्यांची शेती गेली. गुरे चारण्यावर बंधने आली. झऱ्यावर धुणे धुणाऱ्या स्त्रीला मनाई झाली. पण तिच्या घरी नळाला पुरेसे पाणी येते का, हा प्रश्न तिला कोणी विचारला का?

सरोवर ही सर्वांची ठेव आहे, तर तिच्या रक्षणाची किंमत केवळ काठावरच्या गरिबांकडून वसूल करणे न्याय्य नव्हे. पर्यायी पाणीपुरवठा, धुण्यासाठी घाट, शौचालये आणि मलनिस्सारण यांची व्यवस्था ही जतनाच्या कामाची सुरुवात मानली पाहिजे. नवरात्रात कमळजा देवीच्या यात्रेस येणाऱ्या भाविकांची सोय आणि पाण्याची शुद्धता यांचा मेळ गावकऱ्यांना विश्वासात घेऊनच घालता येईल. ज्यांना सरोवरातून काही लाभ होतो, तेच त्याचे सर्वांत विश्वासू राखणदार होतात. चिलिकाच्या मच्छीमारांनी हे दाखवून दिले आहे.

किनाऱ्यावरील वाचकासाठी

वाचकहो, १९७१ च्या रामसर करारात पाणथळ जागेची जी व्याख्या आहे, तिच्यात लोणारसारखे खारे सरोवर जसे येते, तसेच ओहोटीच्या वेळी सहा मीटरपर्यंत खोल असलेले समुद्राचे पाणीही येते. २०२२ मध्ये ठाण्याची खाडी या यादीत आली. म्हणजे बुलढाण्याचे विवर आणि कोकणची खाडी या एकाच कुटुंबातील आहेत.

त्यांचे दुखणेही एकाच ठिकाणाहून येते, ते म्हणजे जमिनीवरून. लोणारमध्ये गोडे पाणी खाऱ्यात घुसते. वसईसारख्या पट्ट्यात जमिनीतून बेसुमार उपसा झाला की समुद्राचे खारे पाणी गोड्या विहिरींत शिरते. लोणारमध्ये विवरास वाट नसल्याने आत आलेले पाणी साचते. वसई-विरारमध्ये पाण्याच्या वाटा भरावाने बुजल्या आणि जुलै २०१८ मध्ये वस्त्या कित्येक दिवस पाण्याखाली राहिल्या. १९९१ च्या किनारा नियमन अधिसूचनेने भरतीरेषेपासून ५०० मीटरचा पट्टा नियमांखाली आणला. २०१९ च्या अधिसूचनेने दाट वस्तीच्या ग्रामीण किनाऱ्यावरील ना-विकास क्षेत्र २०० मीटरवरून ५० मीटरवर आणले. २०१७ च्या पाणथळ नियमांनी मीठ पिकवण्यासाठी बांधलेली आगरे व्याख्येबाहेर ठेवली. रेषा सरकत राहतात. पाणी मात्र रेषा ओळखत नाही. ते उतार ओळखते.

म्हणून आपल्या गावात पाण्याविषयी एखादा प्रकल्प, आराखडा किंवा सुशोभीकरण जाहीर झाले, तर तीन प्रश्न अवश्य विचारावेत. या पाण्याचा मूळ स्वभाव काय आणि तो मोजला जातो आहे का? वरच्या बाजूने, जमिनीवरून, त्यात काय येणार आहे? आणि उद्या बिघाड झाला तर उत्तर देणारी एक व्यक्ती, एक कार्यालय कोणते? ग्रामसभा, प्रभाग समिती आणि हरकती-सूचनांची मुदत ही त्यासाठीची कायदेशीर ठिकाणे आहेत. ती मोकळी सोडू नयेत.

लोणारचे सरोवर कित्येक हजार वर्षांत घडले. त्याचे खारेपण घालवण्यास काही थोडे पावसाळे आणि एका गावाची गटारे पुरेशी आहेत. हे घडू द्यायचे की नाही, याचा निर्णय विवराच्या तळाशी होणार नाही. तो वर, काठावरच्या गावात आणि मुंबईच्या मंत्रालयात होणार आहे. तेथे घेतल्या जाणाऱ्या निर्णयांवर बुलढाण्याच्या नागरिकांइतकीच किनाऱ्यावरच्या नागरिकांनीही नजर ठेवली पाहिजे.